‘नक्को’ म्हणायची मोकळीक

मराठी माणसाच्या कानावर ‘मंदी’ हा शब्द पडला, की त्याला थंडावलेला बाजार आठवतो. नांदेड, परभणी, लातूरहून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी हैदराबादेत गेलेल्या मुलांना मात्र हा शब्द लवकरच वेगळ्या अर्थाने भेटतो. ‘चल, मंदी खायला जाऊ’ असे कुणीतरी म्हणते आणि समोर येतो परातीएवढ्या थाळ्यात पसरलेला लांब दाण्याचा भात, त्यावर मटणाचे मोठे तुकडे, वरून बेदाणे आणि तळलेला सुकामेवा. तर्री नाही, रस्सा नाही. काळ्या मसाल्यावर वाढलेली मराठवाड्याची जीभ पहिल्या घासाला जरा गोंधळते. ‘हे असं फिक्कं का?’ हा प्रश्न ठरलेला. चार-पाच घासांनंतर लाकडाच्या धुराचा वास आणि मांसाची गोडी कळू लागते आणि मग थाळा रिकामा व्हायला वेळ लागत नाही.

हा येमेनचा भात आहे. रमजानमध्ये इफ्तारनंतर तो खायला हैदराबादेत झुंबड उडते, आणि त्या गर्दीत रोजेदारांबरोबर त्यांचे बिगरमुस्लिम मित्रही असतात. जमिनीवर बैठक, पाठीला तक्क्या, मध्ये एकच थाळा आणि त्याभोवती चौघे-पाचजण. ताट वेगळे असते तेव्हा प्रत्येकाची खाण्याची बंधने आपापल्या ताटात राहतात. थाळा एक झाला, की ती सगळ्यांसमोर येतात. कोण काय खातो, कोण काय खात नाही, आणि ते मोकळेपणाने विचारता-सांगता येते का, हे अशा वेळी कळते.

बराकीचे बारकस

चारमिनारच्या दक्षिणेला, चांद्रायणगुट्ट्याच्या पुढे बारकस नावाची वस्ती आहे. मंदीची हॉटेले आता शहरभर झाली, तरी या भाताचा पत्ता विचारला तर जुने लोक बारकसकडेच बोट दाखवतात. निजामाच्या अरब शिपायांच्या बराकी इथे होत्या. इंग्रजी ‘बॅरॅक्स’चे लोकांच्या तोंडी बारकस झाले. हे शिपाई प्रामुख्याने येमेनच्या हद्रमौत भागातले. उजाड पठारे, खोल दऱ्या आणि जेमतेम पाणी असलेला तो मुलूख. पोटासाठी बाहेर पडायचे ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कुणी पूर्व आफ्रिका गाठली, कुणी जावा-सुमात्रा, तर कुणी दख्खन. उमर बिन अवद अल-कुऐती हा त्यांपैकीच एक. हैदराबादच्या फौजेत तो जमादार झाला. इथे कमावलेल्या पैशाच्या बळावर त्याच्या घराण्याने हद्रमौतमध्ये आपले राज्य उभे केले आणि ते १९६७ पर्यंत टिकले.

हे अरब फक्त निजामाच्याच चाकरीत होते असे नाही. मराठी सत्ताधीशांनीही त्यांना पदरी ठेवले होते. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूर शहरात आणि १८१८ मध्ये मालेगावच्या किल्ल्यात इंग्रजांशी नेटाने झुंजले, ते अरब शिपाईच. मराठवाडा तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होता. औरंगाबाद, परभणी, नांदेडकडे ‘चाऊस’ आडनावाची कुटुंबे आजही आहेत. चाऊस हा मूळचा तुर्की लष्करी हुद्दा. दख्खनमध्ये तो अरब शिपायांची ओळख झाला आणि पुढे आडनाव बनून राहिला. ज्यांच्याकडून आपण वर्षानुवर्षे दुचाकीचे सुटे भाग घेतो किंवा ज्यांच्या मुलाबरोबर शाळेत बसलो, त्या चाऊसांच्या पूर्वजांच्या देशातला हा भात आहे, हे अनेकांना हैदराबादेत जाऊन कळते. येमेनशी नाते फक्त जुनेच आहे असेही नाही. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येमेनी विद्यार्थी अनेक वर्षांपासून शिकायला येत आले आहेत.

भात खाली, मांस वर

मंदी शिजते कशी, हे समजून घेतले की पुढचा सगळा प्रश्न समजतो. ‘नदा’ म्हणजे अरबीत दव. मंदी हा शब्द त्याच्याशीच नाते सांगतो, कारण यातले मांस कोरडे न पडता ओलसर, लुसलुशीत राहते. मूळ पद्धतीत जमिनीत खोल भट्टी असते. तळाशी लाकडाचे निखारे. त्यावर भाताचे भांडे. भातात वेलदोडे, लवंग, मिरी, तमालपत्र, वाळवलेले लिंबू असा मोजका खडा मसाला. भांड्याच्या वर जाळीवर ठेवलेले किंवा टांगलेले मांस. मग तोंड घट्ट बंद करायचे आणि काही तास विसरून जायचे. मांस निखाऱ्याच्या धगीवर आणि आतल्या वाफेवर शिजते. त्यातून सुटणारा रस आणि चरबी थेंब थेंब खालच्या भातात उतरते. शहरातल्या पुष्कळ हॉटेलांत खड्ड्याची जागा लोखंडी पिंपाने किंवा ओव्हनने घेतली आहे, पण तत्त्व तेच. म्हणूनच या भाताला मसाला फारसा लागत नाही. त्याची चव वरून ठिबकलेली असते.

सोबत टोमॅटो आणि हिरव्या मिरचीची कच्ची चटणी येते. येमेनमध्ये तिला सहाविक म्हणतात. हैदराबादने त्यात स्वतःची भर घालून मेयॉनीजची वाटीही शेजारी ठेवली. आपल्याकडच्या मंडळींचा हात आधी चटणीकडे जातो, हे सांगायला नको.

थाळ्याभोवती चौघे

नांदेडचे चार मित्र. एकाच कॉलेजात शिकले, आता हैदराबादेत नोकरीला आहेत. त्यांतला एक रोजेदार. दुसरा वारकरी घरातला. गळ्यात तुळशीची माळ. तिसरा अमृतधारी शीख. सगळे त्याला सरदार म्हणतात. चौथ्याला मटण-कोंबडी प्रिय, फक्त ‘बडे का’, म्हणजे मोठ्या जनावराचे मांस, तो खात नाही. ‘वर्ष झालं इथं येऊन, एकदा चौघांनी मिळून मंदी कशी असते ते बघायचंच,’ असा आग्रह चौथ्याचाच होता. रमजानमधला एक शनिवार ठरला.

मगरिबच्या अजानआधी चौघे बैठकीवर जाऊन बसले. अजान झाली आणि खजुराने रोजा सुटला. रोजा एकाचा, पण खजूर चौघांनी खाल्ला. रोजेदार नमाज पढून आला आणि मेन्यूकार्ड उघडले, तिथून प्रश्न सुरू झाले.

चौथ्याने हळूच, जवळजवळ कानात विचारले, ‘मटण कशाचं आहे रे?’

रोजेदाराने तोच प्रश्न वेटरला मोठ्याने विचारला. वेटर म्हणाला, ‘छोटे काइच है भाई, बड़े का रखतेच नईं.’

चौथ्याचा जीव भांड्यात पडला. पण तेवढ्यात सरदार म्हणाला, ‘छोटं असो की मोठं, माझं नको. हलाल मला चालत नाही.’ अमृत छकलेल्या शिखाला मुस्लिम पद्धतीने झबह केलेले मांस वर्ज्य असते. शीख रहत मर्यादेत ते स्पष्ट सांगितले आहे. कॉलेजची इतकी वर्षे एकत्र काढली. वडापाव, पोहे, मिसळ एका बशीत खाल्ली. पण हे बोलायची वेळच कधी आली नव्हती. ‘मग आधी का नाही सांगितलंस?’ असे विचारल्यावर सरदार हसला. ‘तुझा रोजा होता. तुला वाईट वाटेल वाटलं.’

वेटर भला माणूस होता. त्याने तोडगा काढला. ‘ये लोगां चावल खा लेंगे भाई. गोश्त अलग थाली में देतुं.’ माळकऱ्याला ते पटले. नुसता भात, बेदाणे, काजू, अडचण काय? तो सरसावून बसलाही.

‘नको,’ रोजेदार म्हणाला. ‘तो भात मटणाखालीच शिजतो. चरबी त्यात उतरलेली असते. तुला चालणार नाही.’

वेटर गप्प झाला. चौथा जरा वैतागला. चौघांनी एकत्र खायचे म्हणून एवढे लांब आले, तर आता दोघेच खाणार. तो म्हणाला, ‘कशाला सांगितलंस? प्रेमानं खाल्ला असता त्यानं. त्याला कळलंसुद्धा नसतं.’

रोजेदाराने उत्तर दिले, ‘दिवसभर माझ्या टेबलावर पाण्याची बाटली होती. एक घोट घेतला असता, तर तुला तरी कुठं कळलं असतं?’

यावर चौथ्याकडे उत्तर नव्हते. रोजा हा असाच असतो. नमाज लोकांना दिसते, जकात घेणाऱ्याला कळते. रोजा ठेवला की मोडला, हे ठेवणारा आणि अल्लाह यांनाच ठाऊक. कुणी पाहत नसताना नीट वागायची ही महिनाभराची तालीम आहे. ती पाण्याच्या घोटापुरती आणि मित्राच्या ताटाला लागू नाही, असे कसे होईल? तुळशीची माळ ही पांडुरंगाला दिलेला शब्द असते. तो शब्द ज्याने दिला त्याला न कळता मोडला गेला, तर दोष त्याचा नसतो. सांगू शकत असून जो गप्प बसला, त्याचा असतो.

माळकऱ्यानेच मग कोंडी फोडली. ‘बरं, माझ्यासाठी काय आहे ते तरी विचार.’ हॉटेलात मांस शिजते हे त्याला ठाऊक होते आणि तेवढे त्याला चालत होते. काय चालते आणि काय नाही, हे ठरवणारा तोच. खबूस नावाची अरबी रोटी आली, सॅलड आले आणि हमस आला. उकडलेले छोले, तीळ, लसूण, लिंबू आणि ऑलिव्ह तेल यांचा तो गुळगुळीत वाटून केलेला गोळा. माळकऱ्याने खबूसच्या तुकड्याने तो चाखला आणि निकाल दिला, ‘हे तर गार झालेलं पिठलं.’ सरदाराचे मत वेगळे पडले. ‘पिठलं कसलं, छोले वाटून ठेवलेत.’ वाद खुबानीच्या मिठ्यापर्यंत चालला. बैठक एकच राहिली. थाळे दोन झाले.

आवडले नाही, पण नावे ठेवली नाहीत

‘आम्ही एवढं प्रेमाने दिलं आणि तू खाल्लं नाहीस’ ही रुसण्याची रीत सगळ्याच समाजांत आहे. इफ्तारच्या दस्तरखानावरही ती दिसते. पण इस्लामी परंपरेतली एक हकिकत या बाबतीत मोलाची आहे. बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही प्रमुख संग्रहांत ती आहे. पैगंबर मुहम्मद सल्ल. यांच्यासमोर एकदा भाजलेली दब्ब आली. दब्ब म्हणजे वाळवंटात राहणारा, घोरपडीसारखा दिसणारा सरडा. तो काय पदार्थ आहे हे तिथल्या स्त्रियांनी सांगायला लावले, तेव्हा पैगंबरांनी पुढे केलेला हात मागे घेतला. हे निषिद्ध आहे का, असे विचारल्यावर ते नाही म्हणाले. आपल्या लोकांच्या मुलखात हे मिळत नाही, म्हणून मन घेत नाही, एवढेच कारण त्यांनी दिले. शेजारी बसलेल्या खालिद बिन वलीद यांनी मात्र तीच दब्ब त्यांच्यासमोर आवडीने खाल्ली.

परक्या अन्नाशी कसे वागावे, याचा सगळा रिवाज या छोट्या प्रसंगात आहे. वाढण्याआधी पदार्थ काय आहे ते सांगितले गेले. ज्याला नको होते त्याने शांतपणे हात मागे घेतला. ज्याला हवे होते त्याने खाल्ले. नाव ठेवले नाही, आग्रह झाला नाही आणि कुणी कुणाला कमी लेखले नाही. अन्नाला नावे ठेवायची नाहीत, रुचले तर खायचे, नाहीतर बाजूला ठेवायचे, ही पैगंबरांची सवयच होती, असेही हदीसमध्ये नोंदलेले आहे.

कुरआनच्या सूरह नूरमध्ये कुणाकुणाच्या घरी जेवायला हरकत नाही, याची यादी येते. त्या यादीत नातेवाइकांबरोबर मित्राचे घरही आहे. आणि तिथेच हेही सांगितले आहे, की एकत्र जेवलात किंवा वेगवेगळे, त्यात दोष नाही. एका बैठकीवरचे दोन थाळे पाहून ज्यांना वाईट वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

सरदाराने त्या रात्री परतताना नांदेडच्या लंगरची आठवण काढली. हुजूर साहिबच्या पंगतीत डाळ, रोटी, भाजी असते. तिथे बसणाऱ्याला ‘यात काय आहे’ असे विचारावे लागत नाही, कारण सगळ्यांना चालेल असेच अन्न शिजवलेले असते. सगळ्यांना बोलवायचे असेल तर हा एक मार्ग. दुसरा मार्ग, प्रत्येकाला आधी विचारण्याचा. दोन्ही मार्गांत पाहुण्याला फसल्यासारखे वाटत नाही.

परके ते आपले

बारकसची खासियत केवळ मंदी नाही. तिथे सकाळी हरीस मिळतो. गहू आणि मांस एकत्र शिजवून, घोटून एकजीव केलेला हा पदार्थ कुणी मीठ-तूप घालून खातो, कुणी साखर घालून. हरीस फार जुना. बगदादमध्ये दहाव्या शतकात लिहिल्या गेलेल्या पाककृतींच्या ग्रंथात तो आहे, आणि अकबराच्या काळातल्या ‘आइन-ए-अकबरी’तही त्याची नोंद आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने संयुक्त अरब अमिराती, ओमान आणि सौदी अरेबियाचा हरीस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. हाच पदार्थ हैदराबादच्या स्वयंपाकघरात शिरला. त्याला आले-लसूण, हिरवी मिरची, डाळी, तळलेला कांदा आणि साजूक तूप मिळाले आणि त्याचा हलीम झाला. रमजानमध्ये विटा-मातीच्या भट्ट्यांवर तो तासन्‌तास शिजतो आणि लाकडी घोटण्यांनी घोटला जातो. २०१० मध्ये ‘हैदराबादी हलीम’ला भौगोलिक मानांकन मिळाले. अरबांचा पदार्थ आता कागदोपत्रीही हैदराबादचा आहे.

येणेजाणे एकाच दिशेने झाले नाही. एडन बंदराचा कारभार १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यातून चालत होता. त्या शहरात आजही लग्नसमारंभात ‘झुर्बियान’ नावाचा भात रांधतात आणि तो आपल्या बिर्याणीचा सख्खा भाऊ आहे. भाषेचेही तसेच. हैदराबादी दख्खनीत एखादी गोष्ट नको असेल तर लोक ‘नक्को’ म्हणतात. हा शब्द तिथे आपल्या मराठीतूनच गेलेला आहे. निजामाच्या राजधानीला आपण नकार देण्याचा शब्द दिला, तो तिने प्रेमाने ठेवून घेतला. ‘नक्को मियां’ हे तिथे रागाने नाही, हसत म्हटले जाते.

हे हसत ‘नक्को’ म्हणता येणे आणि समोरच्याने ते हसत ऐकून घेणे, हेच आपल्या गावांतही जपायला हवे. रमजानमध्ये इफ्तारची आमंत्रणे जातात, ईदला शीरखुर्म्याची. बोलावणाऱ्याने पदार्थ कशाचा आहे हे विचारायची वाट पाहू नये, आपणहून सांगावे. हलीमसारख्या पदार्थात मांस डोळ्यांना दिसत नाही, तिथे तर सांगायलाच हवे. समोशात खिमा आहे की बटाटा, भजी कोणत्या तेलात तळली, हे सांगण्यात कमीपणा नाही. आणि येणाऱ्यानेही संकोचाने गप्प राहून नंतर घरी जाऊन शंका काढत बसू नये. तोंडावर विचारावे. विचारल्याने अपमान होत नाही. न विचारता मनात ठेवलेली शंका मात्र पुढच्या वर्षीचे आमंत्रण खाऊन टाकते.

रमजान चांद्र महिना आहे, त्यामुळे दर रमजानमध्ये दोन एकादश्या येतातच. त्या चौघांच्या हैदराबादेतल्या खोलीवर त्यांपैकी दुसऱ्या एकादशीला इफ्तार झाला. माळकऱ्याचा उपवास, रोजेदाराचा रोजा. खजूर आणि फळे दोघांनाही चालणारी. सरदाराने चहा टाकला, चौथ्याने कलिंगड कापले आणि माळकऱ्याने साबुदाण्याची खिचडी केली. अजान होऊन खजूर खाऊन झाल्यावर त्याने खिचडीची ताटली रोजेदारापुढे सरकवली आणि म्हणाला, ‘साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, मिरची, जिरं आणि तूप. एवढंच आहे यात.’

कुणी विचारले नव्हते.